केरबाची आगाऊ श्रद्धांजली

गावात कुणी गेलं की पहिला निरोप पै-पाहुण्यांना जायचा आणि दुसरा नानासोंना. तिसऱ्या दिवशी वसना नदीच्या काठावर सावडायला माणसं जमायची, राख पाण्यात सोडली जायची, नैवेद्य ठेवून कावळ्याची वाट बघत सगळे मागं सरायचे आणि मग कुणीतरी म्हणायचं, "नाना, चार शब्द बोला." नानासोंचे चार शब्द म्हणजे निदान अर्धा तास. कोरेगावाकडच्या त्या पट्ट्यात रक्षाविसर्जनाला भाषण झालं नाही तर माणूस नीट गेला असं कुणाला वाटतच नसे.

नानासो तसे शेतकरीच. थोडा ऊस, थोडं आलं, दोन म्हशी. पण लहानपणी ते वाईला मामाकडे शिकायला होते. तिथल्या नदीच्या घाटावरची कीर्तनं-प्रवचनं ऐकून ऐकून, परत येताना त्यांनी सातवीच्या फायनलच्या दाखल्याबरोबर पोतंभर शब्दही गावी आणले. ते शब्द त्यांनी जपून ठेवले असते तर गावाला काही त्रास नव्हता. पण नानासो ते वापरत. पाऊस पडला असं ते कधी म्हणत नसत, पर्जन्यराजाने कृपावर्षाव केला म्हणत. म्हैस व्याली तर गोठ्यात नूतन जीवाचे शुभागमन व्हायचं. तहान लागली की ओसरीवरून आवाज यायचा, "जलपानाचा लाभ घडेल काय?" आणि आतून त्यांच्या बायकोचं, लीलाबाईंचं, उत्तर यायचं, "घडंल की. उठून घ्या."

गाव हसायचं, पण पाठीमागं. तोंडावर गावाला नानासोंचा अभिमानच होता. शेजारच्या गावात सोसायटीचे चेअरमन वारले तेव्हा तिथल्या लोकांनी जीप पाठवून नानासोंना नेलं होतं. असा मान आमदारालाच मिळायचा, आणि आमदार गेले असते तरी बोलायला नानासोच लागले असते.

दुष्काळ सरून दुसरं वर्ष लागलं होतं. चैत्रात गुंडा वारला. हा गुंडा म्हणजे दुसऱ्याच्या म्हशीचं शेण वाटेत दिसलं तरी उपरण्यात गुंडाळून घरी आणणारा माणूस. आयुष्यात त्यानं कुणाला विडीसुद्धा दिली नव्हती. पण नानासो नदीकाठी उभे राहिले, टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि सुरू झाले.

"बंधूंनो आणि भगिनींनो! या पंचक्रोशीच्या नभोमंडलातील एक देदीप्यमान तारा आज निखळला! औदार्याचा महामेरू आज कोसळला! ही पोकळी यावच्चंद्रदिवाकरौ भरून येणे नाही!"

एवढ्यात कावळा आला, नैवेद्याला शिवला, थोडा भात घेऊन उडालासुद्धा. पण भाषण चालू असल्यामुळे कुणाला उठता येईना. उन्हात माणसं पाय बदलत उभी राहिली. गुंडाची बायको तेवढी पदर तोंडाला लावून ऐकत होती आणि नवऱ्याविषयी हे सगळं पहिल्यांदाच कळल्यासारखं तिचं तोंड झालं होतं.

परतताना नानासोंच्या बरोबरीनं केरबा चालत होता. केरबा आणि नानासो एका वयाचे, एका आळीतले. दोघांची रानं लागून आणि दोघांत विहीर एक. पाण्याच्या पाळीवरून दोघांची पंचवीस वर्षं भांडणं चालली होती आणि त्या भांडणांशिवाय दोघांचाही दिवस जात नसे.

"नाना, गुंडा औदार्याचा कोन म्हनलास?"

"महामेरू."

"त्या महामेरूनं माझा बांध दोन हात कोरला हुता."

"दिवंगताविषयी अमंगल वदू नये, केरबा."

"न्हाई वदत. पर मी गेल्यावर तू काय म्हनशील?"

"काय हे अभद्र भाषण!"

"भाषानच इचारतोय. सांग की."

"प्रसंग आल्यावर सुचेल."

"तवा मला ऐकाय यायचं न्हाई," केरबा म्हणाला आणि पुढं निघून गेला. नानासोंना वाटलं, विषय मिटला.

विषय मिटला नव्हता. केरबाला बरीच वर्षं अंतर्गळ होता. जांघेत गाठ यायची, तो ती हातानं आत ढकलायचा, वरून पट्टा आवळायचा आणि कामाला लागायचा. वैशाखात बियाण्याचं पोतं उचलताना गाठ बाहेर आली ती आत जाईना. केरबा बांधावरच आडवा झाला आणि गुरासारखा ओरडायला लागला. नानासोंनीच त्याला बैलगाडीत घालून कोरेगावला नेलं. डॉक्टरांनी बऱ्याच खटपटीनं गाठ आत सरकवली आणि हात धुता धुता सांगितलं, "या खेपेला निभावलं. पुढच्या वेळी आतडं अडकलं तर माणूस दवाखान्यापर्यंत पोचणार नाही. ऑपरेशन करून घ्या, आणि उशीर करू नका."

नानासोंची थोरली मुलगी सांगलीत विश्रामबागेत दिली होती. जावयांच्या ओळखीचे एक सर्जन होते. जावयांनी धावपळ करून खाट मिळवली, दिवस ठरवला. सगळं ठरलं आणि केरबा अडून बसला. त्याचा चुलतभाऊ जोतिबा असाच ऑपरेशनला गेला होता आणि चादरीत गुंडाळून परत आला होता. दोन दिवस सगळ्यांनी केरबाला समजावलं. तिसऱ्या दिवशी त्याची बायको रंगूबाई नानासोंच्या ओसरीवर येऊन बसली. तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता हे दिसतच होतं.

"भावजी, जातो म्हनत्यात. पर अट घातलीया."

"कोणती?"

"तुमी नदीवर त्यांच्यावर जे बोलनार, ते आदी त्यास्नी ऐकायचंय. ते ऐकल्याबिगर गावाभायेर पाऊल टाकत न्हाईत म्हनत्यात."

लीलाबाई आतून हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. "आगं बाई! जित्या मानसाची श्रद्धांजली? शुभ बोल की गं!"

"लीलाक्का, अशुभ म्हनून गप बसलो आन त्यांचं आतडं अडाकलं, मंजे भावजींना खरंच बोलावं लागंल." एवढं बोलून रंगूबाई रडायला लागली.

नानासोंनी कोट चढवला, टोपी घातली आणि केरबाच्या घरी गेले. केरबा सोप्यात घोंगड्यावर पडला होता. त्यानं रंगूबाईला गोठ्यात पाठवलं, दार लोटून घ्यायला सांगितलं आणि पोटावर हात बांधून छताकडे बघत म्हणाला, "हां. मेलो मी. बोल."

नानासोंनी डोळे मिटले. "बंधूंनो आणि भगिनींनो! या पंचक्रोशीच्या नभोमंडलातील एक—"

"ह्यो गुंडाचा तारा न्हवं?"

"तारे अनेक असतात, केरबा."

"मला त्येचा नगं. दुसरं काय हाय?"

"औदार्याचा—"

"नाना!"

नानासो जरा थांबले आणि त्यांनी दुसरी बाजू धरली. पराक्रमाचा प्रचंड प्रपात, नीतिमत्तेचा नंदादीप, कृषिकर्माचा कर्मयोगी, असं करत करत ते चांगले रंगात आले. आवाज चढला, हात हवेत गेले. गोठ्यातल्या म्हशीनं दोनदा ओरडून दाद दिली. शेवटच्या "विनम्र अभिवादन"ला त्यांनी डोळे उघडले तर केरबा तोंड उघडं टाकून घोरत होता.

नानासोंनी त्याला हलवून जागं केलं. "कसे झाले?"

"ब्येस झालं," केरबा म्हणाला. "पर ह्यो मानूस कोन? मला वळकू आला न्हाई."

नानासो तडक उठून घरी आले आणि जेवलेही नाहीत. वर्षानुवर्षं नदीकाठ गाजवलेल्या माणसाला एका अंतर्गळवाल्यानं नापास केलं होतं. संताप संताप झाला त्यांचा. दुसऱ्या दिवशी ते आल्याच्या रानात जाऊन बसले आणि केरबावर मनातल्या मनात नवं भाषण रचायला लागले. पण गंमत अशी, की एकही शब्द केरबाला बसेना. सगळे शब्द मोठ्या मापाचे होते. केरबा त्यात घातला की दिसेनासाच व्हायचा. आणि खरा केरबा, पट्टा आवळत, विहिरीच्या काठावरून शिव्या देत येणारा, डोळ्यापुढं आला की नानासोंचं रचणं थांबायचं. आपण भाषण रचतोय ते कशाचं हे त्यांना तेव्हा एकदम लक्षात यायचं. असा माणूस उद्या खरंच टेबलावरून उठला नाही तर, या विचारानं ते घाबरून जायचे. घाबरले की पुन्हा देदीप्यमानकडे वळायचे. तिथं बरं वाटायचं.

दुसरं भाषण केरबानं निम्म्यातच बंद पाडलं. "राहू दे," तो म्हणाला, आणि या खेपेला त्याचा आवाज चेष्टेचा नव्हता. "सगळ्या जन्मात तुज्याइतकं मला कोनी बघितलं न्हाई, नाना. तुला बी काय दिसलं नसंल तर मग ऱ्हाऊ दे."

तरी ठरल्या दिवशी रंगूबाईनं वळकटी बांधली आणि मुलांनी, पुतण्यांनी मिळून केरबाला गाडीत घातलं. स्टेशनापर्यंत तो निमूट आला. नानासोंना वाटलं, बेट्याला अक्कल आली. कोरेगावच्या फलाटावर केरबा बाकावर बसला, धोतर सावरलं, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये रोवली. सांगलीकडे जाणारी गाडी आली. लोकांची चढउतार सुरू झाली. रंगूबाई वळकटी घेऊन डब्यात चढलीसुद्धा.

"ऊठ," नानासो म्हणाले.

"न्हाई."

"केरबा, अग्निरथ आपणासाठी तिष्ठत बसणार नाही!"

"जाऊ दे त्येला. माझी अट पुरी झाली न्हाई. मी घरला चाललो."

डब्याच्या दारातून रंगूबाई हाका मारायला लागली. पुतण्यांनी दंडाला धरलं तर केरबानं त्यांच्यावर काठी उगारली. नानासोंनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा केरबाकडे. आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी फाटकन तुटलं. वाईहून आणलेलं ते सगळं पोतं कुठं गेलं कुणास ठाऊक.

"ऊठ, गाढवा!" ते असे ओरडले की हमाल ओझं घेऊन जागीच उभा राहिला. "काय ऐकायचंय तुला? ऐक मग! तू हेकट हाईस! जलमापास्नं हेकट हाईस! हिरीवर माझी पाळी आली की तुजा दिस मावळत न्हाई, आन तुजी आली की दिस मध्यरातीच उगवतो! दुष्काळात तुजी पाळी सोडून माझ्या आल्याला पानी दिलंस. लय उपकार केलंस! आन मग वरीसभर पारावर बसून येईल त्याला सांगितलंस, नानाचं आलं माझ्या पान्यावर जगलं! वाटलं हुतं, उपटून तुज्या दारात आनून टाकावं ते आलं!"

"मग टाकायचं हुतंस," केरबा म्हणाला.

"गप! मेल्याल्या मानसांस्नी मी बोलू देत न्हाई! पंचायतीला उभा ऱ्हायलो तवा मला मत दिलं न्हाईस तू. ठावं हाय मला!"

"कुनी सांगितलं?"

"तुज्या थोबाडानं सांगितलं! पडलो मी. निवडून आल्याल्याच्या दारात गुलाल उदाळला आन माझ्या दारात कुत्रं फिराकलं न्हाई. तू तेवढा आलास. मत न दिल्याला तू! आलास आन भाकरी मागून घेतलीस. बैलाचं बोललास, पेंडीच्या भावाचं बोललास, मतदानाचं नाव काढलं न्हाईस. दिस बुडस्तवर बसलास. केरबा, मी त्या दिवशी गाव सोडून जानार हुतो. पिशवी भरून ठेवली हुती. लीलीला बी ठावं न्हाई. तू बसलास म्हनून मी गेलो न्हाई." नानासोंना रडू फुटलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि ती पिळायला लागले. "आन आता तू घरला जातो म्हनतोस. जाऊन मर मग. मला दुसरं कोन हाय रं भांडायला? हिरीवर जाऊन मी काय मोटारीशी बोलू?"

चहावालाही किटली धरून बघत उभा होता. गार्डानं शिट्टी फुंकली.

केरबा काठीवर भार देऊन उठला. "हे आदीच बोलायचं सोडून नंदादीप लावत बसला हुतास," तो म्हणाला. "चल, गाडी सुटंल."

गाडी हलली. रंगूबाईनं डोळे पुसून तंबाखूची चंची काढली आणि पहिली चिमूट नानासोंना दिली. नानासो खिडकीबाहेर बघत होते. चारचौघांत आपण गावंढळासारखं ओरडलो, रडलो, याची त्यांना आता लाज वाटत होती. कराड मागं पडल्यावर केरबा म्हणाला, "मत का दिलं न्हाई सांगू?"

"नको."

"निवडून आला असतास तर रोज भाषान झालं असतं."

रंगूबाई पदराआड हसली. थोड्या वेळानं नानासोही हसले, पण तोंड खिडकीकडेच ठेवून.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी केरबाला आत नेलं. दार बंद झालं. रंगूबाई देवाचं नाव घेत भिंतीला टेकून बसली आणि नानासो व्हरांड्यात येरझारा घालायला लागले. एक नर्स कागद घेऊन आली. "पेशंटचे तुम्ही कोण?"

एरवी या प्रश्नावर नानासो बालमित्र, आप्तेष्ट, सुहृद असं काहीबाही सांगत सुटले असते. आज ते नुसतेच म्हणाले, "आमची विहीर एक आहे." नर्सनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि कागदावर भाऊ असं लिहून ती निघून गेली.

ऑपरेशन नीट पार पडलं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "आणखी थोडं थांबला असता तर अवघड होतं." ते ऐकून नानासो तिथंच जमिनीवर रंगूबाईशेजारी बसले, कोटासकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी केरबा चांगला शुद्धीवर होता. रंगूबाई विश्रामबागेत जेवायला गेली होती आणि नानासो खाटेजवळ स्टुलावर बसून मोसंबं सोलत होते. केरबा त्यांच्याकडे एकटक बघत होता.

"नाना, मी जगलो की रं."

"जगलास."

"मंजे आता तू आदी जाशील असं बी हुईल."

"होईल की. माझे वय झालेच आहे."

"मग नदीवर तुज्यावर कोन बोलनार?"

नानासोंचा सोलता हात थांबला. इतक्या जणांना त्यांनी पाण्यात सोडलं होतं, पण हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. "बोलेल कोणीतरी."

"कोनीतरी कशाला? मीच बोलनार. दुसऱ्या कुनाला बोलू द्यायचा न्हाई मी." केरबानं कुशीवर व्हायचा प्रयत्न केला, टाके ओढले म्हणून तोंड वाकडं केलं आणि परत उताणा झाला. "पर तू फलाटावर बोललास तसं मला जमायचं न्हाई. तसं बोलाय लागलो तर मी चार लोकांत बाईवानी रडीन. म्हनून म्हनतो, मला तुजं ते मोठं मोठं शब्द शिकीव. काल सगळी रात तेच डोक्यात हुतं. तोंड भरून बोलता यील, आन डोळं बी कोरडं ऱ्हातील. तू त्याच्यासाठीच बोलतोस न्हवं?"

आपण ते शब्द का वापरतो याचा नानासोंनी कधी विचारच केला नव्हता. मोसंब्याच्या फोडी त्यांनी एकेक करून केरबाच्या हातावर ठेवल्या आणि उगाचच घसा साफ केला.

"कुठला शिकीवतोस आदी?" केरबानं विचारलं. "सोपा बघ. आन कुनाला बी चालंल असा."

नानासोंनी बराच विचार केला. "अजातशत्रू," ते शेवटी म्हणाले.

"मंजे?"

"ज्याला जगात कुणी वैरीच नाही, असा."

केरबानं फोड तोंडात टाकली, सावकाश चावली आणि मान हलवली.

"तुला कसा चालंल त्यो?" तो म्हणाला. "मी हाय की."